खालच्या कोपऱ्यातला खांब

भोरच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी चढावर बांधलेल्या एका शेडच्या दाराने कोब्यावर ओरखडा काढला आहे. पाव वर्तुळाचा, कंपासने काढावा इतका नेटका. दार लोखंडी, अँगलच्या चौकटीवर पत्रा मारलेलं. मे महिन्यात ते एका बोटाने लागायचं. ऑगस्टमध्ये खांदा लावावा लागू लागला, तेव्हा मालक म्हणाले, "पावसानं दार फुगलं जणू." आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. लाकडी दारांच्या काळापासून हे कारण इतकं ओळखीचं आहे, की समोरचं दार लोखंडाचं आहे हे क्षणभर कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ग्राइंडरने दाराची खालची कड दोनदा घासून झाली, तरी ओरखडा खोल होतच राहिला. मग कुणीतरी चार पावलं मागे सरकून वर पाहिलं. पन्हाळीची ओळ खालच्या कोपऱ्याकडे चार बोटं उतरली होती. ज्या खांबाला दार टांगलं होतं तोच खांब दारासकट खाली चालला होता.

त्या शेडमध्ये जमिनीच्या वर नावं ठेवायला जागा नव्हती. पाइप चांगल्या जाडीचे, वेल्डिंग भरीव, पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूखाली रबराचं वायसर. तीस फूट रुंद, साठ फूट लांब, दर पंधरा फुटांवर खांब, दोन्ही बाजूंना पाच-पाच. पत्रा कोणता आणला, केवढ्याला पडला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या ओळीतल्या खांबांचे खड्डे किती खोल गेले आणि तळाशी काय लागलं, हे मात्र विचारल्यावर कुणाला सांगता येईना. खड्डा एकदा भरला की दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करायला मन सहजी तयार होत नाही.

आपल्या भाषेत कुठल्याही कामाच्या आरंभाला मुहूर्तमेढ रोवणं म्हणतात. मेढ म्हणजे डोक्याला बेचका असलेला खांब. जुने गोठे अशाच मेढींवर उभे असत: ऐनाच्या, किंजळीच्या, जिथे मिळेल तिथे खैराच्या. बेचक्यात आढं, आढ्यावरून वासे, त्यावर गवत किंवा कौलं. भिंत भार घेत नसे, खांब घेत. आजची लोखंडी पाइपांची शेड त्याच मेढीच्या गोठ्याची पुढची पिढी आहे. आणि गोठा खडकाळ चढावर घालणं ही काही आजची अडचण नाही. काळी, खोल, सपाट जमीन पिकाची. जिथे नांगर अडतो, जिथे पहार खणखणते, ती जागा गुरांची आणि वैरणीची, हा हिशेब जुनाच आहे आणि माझ्या मते आजही बरोबर आहे. फक्त जुन्या गोठ्याची रुंदी दहा-बारा फूट असे. तेवढी सपाटी चढाच्या कुशीत टिकावाने काढता येई. आता तीस फूट रुंदी लागते, आणि तिथून पुढचं सगळं बदलतं.

किती बदलतं ते आकड्यांत पाहायला हवं. तीस बाय साठच्या शेडला चारही बाजूंनी पाच फूट जागा सोडली, तर ओटा चाळीस बाय सत्तर फुटांचा होतो. चढ शंभर फुटांत वीस फुटांचा असेल, तर चाळीस फुटांत आठ फुटांचा फरक पडतो. मधली रेषा धरून वरच्या अर्ध्यात कापायचं आणि तेच खालच्या अर्ध्यात टाकायचं ठरवलं, तर वरच्या कडेला चार फूट काप आणि खालच्या कडेला चार फूट भराव. कापाची पाचर वीस फूट रुंद, चार फूट खोल, सत्तर फूट लांब: २८०० घनफूट, म्हणजे २८ ब्रास. चढ निम्मा असता तर १४ ब्रासमध्ये भागलं असतं. म्हणून जेसीबीला बोलावण्याआधी चढ मोजणं हे अर्ध्या दिवसाचं काम कुणीही टाळू नये. त्याला पारदर्शक नळी, दोन खुणा केलेल्या काठ्या आणि पाणी एवढंच लागतं. २०१६ ते २०१९ या वॉटर कपच्या, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत गावोगावच्या पोरापोरींनी हायड्रोमार्कर, म्हणजे अशीच नळी-काठ्यांची जोडी, हातात धरून समपातळी रेषा आखल्या. ते कौशल्य अजून गावात आहे, शेडच्या आखणीलाही तेच उपयोगी पडतं. नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि टेप चढाला चिकटवून मापायची नाही. वीस टक्क्यांच्या चढावर तीस फूट अंतर जमिनीलगत मोजलं, तर सपाटीवर ते सात इंचांनी कमी भरतं. टेप आडवी ताणून टोकाला ओळंबा सोडायचा. चारही खुंट्या लागल्यावर कर्ण पाहायचे: तीस बाय साठला दोन्ही कर्ण ६७ फूट १ इंच आले पाहिजेत.

शेडची लांबी समपातळी रेषेला धरूनच ठेवावी. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी असं सांगतात, ते सावलीच्या दृष्टीने योग्यच आहे. पण डोंगर उत्तर-दक्षिण उतरत असेल तर आपोआप जमतं, आणि पूर्व-पश्चिम उतरत असेल तर दिशेसाठी साठ फुटांची लांबी चढाच्या दिशेने उभी टाकणं परवडत नाही. बारा फुटांचा फरक भरून काढण्यापेक्षा पश्चिमेला झाडं लावलेली बरी.

याच ठिकाणी खांबांच्या बांधकामाचा एक फायदा आहे, तो फार कमी लोक घेतात. खांब कमी-जास्त लांबीचे चालतात, त्यामुळे जमीन एका पातळीत असायलाच हवी असं नाही. चाळीस फुटांची रुंदी वीस-वीस फुटांच्या दोन पायऱ्यांत तोडली, तर प्रत्येक पायरीवर काप दोन फूट आणि भरावही दोनच फूट. दोन्ही मिळून १४ ब्रास, म्हणजे काम निम्म्यावर. छप्पर एकच, वरच्या पायरीवर गुरं, खालच्या पायरीवर वैरण आणि अवजारं. मधल्या बांधाला एक उतरण ठेवली की झालं. भोरच्या त्या शेडला हे सहज जमलं असतं. पण ट्रॉली आरपार जायला हवी होती, आणि एकसंध सपाटीची हौस दांडगी असते. ती हौस मला कळते. पिढ्यान्‌पिढ्या तिरप्या जमिनीवर राबलेल्या माणसाला एकदा तरी सपाट अंगण असावं असं वाटलं, तर त्यात गैर काय?

खडक ओळखणं हा मात्र आकड्यांपलीकडचा भाग. सह्याद्रीचा हा सगळा पसारा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. एक थर काळ्या पाषाणाचा, घणाला दाद न देणारा. त्याच्या वर-खाली छिद्रं असलेला मांजऱ्या, तो ठिसूळ होत होत मुरूम बनतो. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल मातीचा पट्टा. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी तीन-चार फुटांचे खड्डे घेतले की हे थर आपल्या जागेत कसे बसलेत ते कळतं. त्यात एक फसगत असते. काळा पाषाण झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि आत गोल गोटा शिल्लक राहतो. मुरमात रुतलेला असा चार-पाच फुटांचा गोटा वरून पाहिला तर खडकच वाटतो. पहार आपटली की आवाज सांगतो. सलग खडक खणखणतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सुटा गोटा किंचित भद्द वाजतो, आणि दोन बाजूंनी मोकळा केला की पहारेच्या टोकाने हलतो. गोट्यावर खांब उभारायचा तर आधी तो किती खोल बसलाय ते पाहायला हवं. शंका असेल तर काढून टाकावा. वडार समाजातले जाणते कारागीर अजून भेटतात. ते दगडावर पाणी शिंपडून त्याची शीर पाहतात, त्या शिरेत पाचरी बसवतात आणि घणाच्या मोजक्या ठोक्यांत दगड दोन करतात. ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचं यंत्र, तेच काम तासाभराच्या धडधडाटात करतं आणि आजूबाजूचा चांगला खडकही तडकवतं. खांबाच्या जागेपाशी ब्रेकर थांबवून छिन्नी-पहारेवर येणं म्हणूनच शहाणपणाचं.

भोरच्या शेडची जमीन एका दिवसात तयार झाली. सकाळी गवत आणि झुडपं, संध्याकाळी मैदान. जेसीबीने वरच्या अंगाचं सगळं ओरबाडून खालच्या अंगाला लोटलं: गवताची मुळं, काळी माती, मुरूम, डोक्याएवढे दगड. त्यावरून चाकं चार वेळा फिरली आणि वरचे सहा इंच दगडासारखे झाले. त्याखालचे तीन फूट मात्र नुसते पडलेले होते. दगडांमध्ये पोकळ्या, पोकळ्यांत हवा, तळाशी कुजायला ठेवल्यासारखं गवत. मे महिन्यात त्यावर उभं राहिलं की पायाखाली पक्की जमीन वाटते. मुरमाचा तो कोरडा, किंचित लोखंडी वास, उन्हात चमकणारी सपाटी. मालकांनी त्या संध्याकाळी चपला काढून तिथे फेरी मारली होती म्हणे.

मग पाऊस आला.

पाण्याबरोबर बारीक माती दगडांच्या फटीत उतरते, वर पोकळी होते, भराव बसतो. सैल टाकलेला तीन फुटांचा भराव दोन-तीन पावसाळ्यांत काही इंच बसला तर त्यात नवल नाही. कोबा तडे घेत जमिनीबरोबर थोडा थोडा उतरतो. खांब मात्र डोक्यावरचा भार एका लहानशा तळावर घेऊन उभा असतो, म्हणून तो कोब्यापेक्षा जास्त खचतो. त्या शेडच्या सगळ्या खांबांना अडीच फुटांचे खड्डे होते. वरच्या ओळीत ते अडीच फूट खडकात होते. खालच्या ओळीत, जिथे भराव तीन फूट होता, तिथे खड्ड्याचा तळ मूळ जमिनीपर्यंत पोचलाच नव्हता.

असा भराव करायचा तर क्रम उलटा लागतो. पहिलं काम वरची माती खरवडून बाजूला ढीग लावणं. चार इंच जरी निघाली तरी चाळीस बाय सत्तरच्या जागेत नऊ ब्रासच्या वर माती होते, आणि ती भरावात घालायची नाही. ती परसबागेला किंवा बांधावर. काळी माती तर मुळीच नको, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दुसरं, भरावाच्या पायथ्याला आधी दगडी बांध. कापातले दगड इथे खपतात. बांधाचा तळ मूळ मुरमात फूटभर रुतलेला आणि आतल्या बाजूला किंचित कललेला असावा. चार फूट उंचीला तळाची रुंदी किमान दोन फूट, बाहेरची बाजू दर चार फुटांना एक फूट आत झुकलेली. दर तीन-चार फुटांवर एक लांब दगड बांधाच्या पोटात आरपार जाणारा, फटींत कपच्या, आणि सिमेंट शक्यतो नको, कारण त्या फटींतूनच आतलं पाणी बाहेर पडतं. तिसरं, बांध आणि मधली रेषा यांच्यामधली तिरपी जमीन पायऱ्या-पायऱ्यांनी कापायची. तिरप्या पाटावर ठेवलेलं भांडं जसं घसरतं तसा चढावर टाकलेला भराव आख्खाच्या आख्खा सरकू शकतो. पायऱ्यांना तो धरून बसतो. आणि मग थर. आठ इंच सैल टाकायचा, दाबून सहा इंचांच्या आसपास आणायचा. चार फुटांना असे आठ थर. मूठभरापेक्षा मोठा दगड थरात नको, मोठे सगळे बांधाकडे. पाणी किती मारायचं ते हातच सांगतो. मुरूम मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला की तीन-चार तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर पाणी कमी, चिखलासारखा पसरला तर जास्त. रोलर नसेल तर भाड्याने मिळणारा रॅमर, म्हणजे ठोकायचं यंत्र, आणि कोपऱ्यांत हाताने ठोकायची धुम्मस. आठ थरांना आठ दिवस लागले तर लागू द्यावेत.

एवढं करूनही खांब भरावावर टेकवायचा नाही, या मतावर मी ठाम आहे. भराव गुरांच्या पायांसाठी, खांब मूळ जमिनीसाठी. खालच्या ओळीत तीन फूट भराव असेल तर पाया सहा फुटांपर्यंत न्यावा. भराव करून मग सहा फूट खणण्यापेक्षा भरावाआधीच मूळ मुरमात तीन फूट खणावं. तळाला अडीच फूट चौरस, एक फूट जाड काँक्रीट, त्यातून काँक्रीटचाच पंधरा इंची चौकोनी खांब वर आणावा, बारा मिलिमीटरच्या चार सळ्या आणि आठ मिलिमीटरच्या रिंगा घालून. तो ओट्याच्या पातळीला आला की त्याच्याभोवती थर चढवावेत. रोलर त्याच्यापासून दोन फूट लांब ठेवावा आणि मधली जागा धुम्मसने ठोकावी. तळाचा रुंद चौकोन खचण्यापासून वाचवतोच, पण त्याहून मोठं काम वाऱ्याच्या वेळी करतो.

पत्र्याची शेड भाराने पडते त्याहून जास्त वेळा उडते. पुण्याच्या भागासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, मुंबईला ४४. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला नव्वद किलोच्या वर जातो. बाजू मोकळ्या असलेल्या शेडमध्ये वारा आत शिरला की तेवढ्या तोलामोलाची ओढ छपराला वर मिळू शकते. या शेडच्या मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला २२५ चौरस फूट छप्पर येतं, म्हणजे जवळपास एकवीस चौरस मीटर. ओढ सुमारे दोन टनांची, आणि तेवढ्या भागातला पत्रा आणि पाइप मिळून साडेतीनशे किलोही भरत नाहीत. डोंगरधारेवर वारा याहूनही जोर धरतो. आता तो सहा फुटी पाया तोलून पाहा. काँक्रीट साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि रुंद तळावर बसलेली माती जवळपास बाराशे किलो. बेरीज दोन टनांच्या वर जाते. ती माती नीट ठोकलेली असेल तरच हे गणित खरं.

वरच्या ओळीत गोष्ट वेगळी. तिथे फूटभरातच काळा पाषाण लागला, तर चार फूट फोडत बसण्यात अर्थ नाही. पाषाण उघडा करून घासून, धुऊन घ्यावा, त्यात ड्रिलने दीड फूट खोल चार भोकं घ्यावीत, हवेने फुंकून धूळ पूर्ण काढावी आणि सोळा मिलिमीटरच्या सळ्या न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये, म्हणजे भोकात ओतून घट्ट होणाऱ्या मिश्रणात, बसवाव्यात. भोकात पीठ राहिलं तर ग्राउट दगडाला धरत नाही, त्या पिठाला धरतं. वरून सळई घट्ट दिसते, पहिल्या वादळात भोकातून निघून येते. आणि हे सगळं सलग खडकात. गोट्यात बसवलेली सळई गोट्यासकट उपटते.

राहिलं पाणी, आणि खरं तर त्याचंच काम पहिलं. कापाच्या वरच्या अंगाला, कडेपासून सहा-सात फूट लांब, दीड फूट खोल चर. शंभर फुटांत एक फूट उतार देऊन दोन्ही बाजूंनी ओट्याला वळसा घालून तो ओढ्याकडे न्यायचा. काप करण्याआधी हा चर झाला पाहिजे, कारण वळवाचा एक पाऊस अर्धवट कामावर पडला की आठवड्याची मेहनत खालच्या शेतात जाऊन बसते. छपराचंही पाणी कमी नसतं. अठराशे चौरस फुटांवर एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला, आणि घाटाकडे तसे दिवस दरवर्षी येतात, तर जवळपास सतरा हजार लिटर होतं. ते खालच्या कडेने भरावावर सोडणं म्हणजे आपल्याच हाताने बांध पोखरणं. पन्हाळ लावून वरच्या चरात किंवा टाकीत घ्यावं. सगळ्यात फसवं पाणी डोंगराच्या पोटातलं. कठीण थरावरून पाझरत आलेलं पाणी कापाच्या भिंतीत नेमकं दोन थरांच्या सांध्यावर फुटतं. मे महिन्यात तिथे काहीच नसतं. पण बारकाईने पाहिलं तर त्या रेषेवर नेच्यांची सुकलेली पानं दिसतात, शेवाळाचा काळा डाग दिसतो, आजूबाजूचं गवत पिवळं पडल्यावरही तिथे एखादी हिरवी झुलूप उरलेली असते. अशा जागी कापाच्या पायथ्याशी दीड फुटी चर घेऊन तळाला छिद्रांचा पाइप, भोवती खडी आणि वरून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, घालावं. मुरमातला चार फुटांचा उभा काप उन्हाळ्यात ताठ उभा राहतो आणि जुलैत ढासळतो. पाषाण असेल तिथे उभा चालेल, मुरमाला मात्र तिरपा उतारच द्यावा.

कोकणात हेच सगळं उलट्या क्रमाने समोर येतं. तिथे कातळ वरच असतो, काळवंडलेला, उन्हात भाजणारा. पण जांभ्याच्या त्या कवचाखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, ओली, पिवळट-गुलाबी माती असते. खोल जावं तितकं कच्चं लागतं. म्हणून तिथे कवच जाड आणि सलग असेल तर त्यावरच बसावं, ते फोडून खाली जाण्याचा हट्ट धरू नये.

भोरच्या शेडचा तो खांब वाचवता येईल. जमीन वाळल्यावर, दिवाळीनंतर. खांबाच्या दोन्ही बाजूंना लांब, जाड फळ्यांवर टेकू देऊन जॅकने छपराचा भार उचलून धरायचा. खांबालगत खणून मूळ मुरमापर्यंत जायचं, रुंद तळ घालून जुन्या पायाखाली नवा पाया भरायचा. एका वेळी एकच खांब, काँक्रीट मुरल्याशिवाय शेजारच्याला हात लावायचा नाही. त्याआधी वरचा चर, कारण तो अजूनही खणलेला नाही. तोवर लक्ष ठेवायचं ते पाण्याच्या नळीने. वरच्या ओळीतल्या खडकात बसलेल्या खांबावर लाल रंगाची रेघ मारली आहे, तीच पातळी खालच्या पाचही खांबांवर काढली आहे. गौरी-गणपतीत आणि पुन्हा दसऱ्याला मापं घेतली. चार खांबांत फरक नाही, कोपऱ्यातला आणखी तीन सूत, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश, उतरला. दार आता बिजागरीतून काढून दगडांच्या ढिगाला टेकवून ठेवलं आहे, चौकटीत आडवा बांबू आहे, आणि गाई वरच्या बाजूच्या गाळ्यांत हलवल्या आहेत.